मैदान मारलेली पोरं

आमच्या शेजारचे आजोबा १९१२ सालच्या फुटबॉल हंगामाची गोष्ट आकड्यांनी सुरू करत. ऑलब्राइट कॉलेज ५०–७. लेबनन व्हॅली ४५–०. डिकिन्सन ३४–०. व्हिलानोव्हा ६५–०. चार नावं झाली की थांबत, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि मगच पुढे जात. यातला एकही सामना त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता. त्या वर्षी ते पाळण्यात होते. पण त्यांचे थोरले भाऊ तेव्हा अकरा वर्षांचे होते, वडील ऐन उमेदीतले शेतकरी होते, आणि पुढे कित्येक हिवाळे त्या घरात शेगडीभोवती हाच हंगाम पुन्हा पुन्हा खेळला गेला. ऐकून ऐकून तो त्यांचा झाला.

लग्नानंतर मी पेनसिल्व्हेनियातल्या कंबरलंड खोऱ्यात, कार्लाइल गावाजवळ राहायला आले तेव्हा आजोबांनी ऐंशी ओलांडली होती. मी कोल्हापूरची. फुटबॉल कानावर पडतच मोठी झाले. आमच्या पेठेत तालमीच्या संघाचा सामना असला की घरातला स्वयंपाक लवकर उरकायचा आणि सामना हरला की रात्री पुरुषमाणसं खाली मान घालून जेवायची. कुठल्या सालच्या सामन्यात कोणी कुठून गोल मारला, हे माझ्या आजोबांना तोंडपाठ होतं. त्यामुळे हे परमुलखातले म्हातारे गृहस्थ पोर्चवर बसून ऐंशी वर्षांपूर्वीचे गुण सांगू लागले तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. खेळ वेगळा होता, माणूस ओळखीचा होता.

ज्या संघाची ही गोष्ट, त्याच्या शाळेचं नाव कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या मुलामुलींसाठी सरकारने काढलेली ही निवासी शाळा. रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली गावाच्या कडेच्या जुन्या छावणीत ती सुरू केली. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. मुलांना सुतारकी, लोहारकी, शिवणकाम, छपाई; मुलींना धुणं, शिवण, स्वयंपाक. शिक्षणाच्या दर्जाने ती कॉलेज नव्हती, पण तिचा फुटबॉल संघ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्याशी खेळायचा, आणि कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात तिची नोंद त्यांच्याच पंक्तीला होते.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातात धरून समोरच्या अकरा जणांना भेदून पलीकडे न्यायचा, तो टचडाउन. हुतुतूत चढाईला आलेल्या गड्यावर सगळे तुटून पडतात तसे इथे चेंडूवाल्यावर तुटून पडतात, आणि त्याचे सोबती अंगाने अंग अडवून त्याला वाट करून देतात. त्या काळी डोक्याला चामड्याची पातळ टोपी असायची, तीही सगळे घालत नसत. या खेळात इतके खेळाडू दगावू लागले, की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या विद्यापीठांच्या माणसांना बोलावून घ्यावं लागलं. पुढल्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा मिळाली. १९१२ च्या हंगामाआधी आणखी बदल झाले. टचडाउनचे गुण पाचाचे सहा झाले, दहा यार्ड सरकायला तीनाऐवजी चार प्रयत्न मिळू लागले आणि मैदान १०० यार्डांचं ठरलं. दांडगाईच्या खेळात वेग आणि डोकं यांना जागा झाली. कार्लाइलची पोरं अंगाने हलकी, संख्येनेही थोडी. या बदलांचं सोनं केलं ते त्यांनी.

शाळेत फुटबॉल आला कसा, याची गोष्ट प्रॅटने स्वतःच सांगून ठेवली आहे आणि गावातली जुनी माणसं ती आपापल्या परीने सांगत आली. सुरुवातीच्या एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडला तेव्हा प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळणं बंद करून टाकलं. मग चाळीसेक मुलं त्याच्या कचेरीत गेली आणि बंदी उठवा म्हणाली. त्यांच्यातल्या बोलक्या मुलाने बाजू इतकी नेटकी मांडली, की प्रॅट विरघळला. पण त्याने दोन अटी घातल्या. समोरच्याने ठोसा मारला तरी तुम्ही उलटून मारायचं नाही. आणि काही वर्षांच्या आत देशातल्या सर्वांत मोठ्या संघाला हरवून दाखवायचं. मुलांनी दोन्ही अटी कबूल केल्या.

शेजारचे आजोबा ही गोष्ट सांगताना पहिल्या अटीपाशी आवाज चढवत. "लक्षात घे पोरी, मार खायचा पण द्यायचा नाही. उलटून मारलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांनी त्यांना रानटी म्हटलं असतं." न मारताही पेपरवाले म्हणतच होते. बातम्यांत कुऱ्हाडी, डोक्यावरून सोललेली कातडी, युद्धाच्या आरोळ्या ठरलेल्या. अशा बातम्या वाचून तिकिटं काढणाऱ्या गर्दीसमोर ही मुलं खेळत.

१८९९ साली ग्लेन वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. 'पॉप' वॉर्नर या नावाने अमेरिका त्याला ओळखते. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध कार्लाइलने जी हिकमत केली ती आजोबांची फार लाडकी. चार्ली डिलन या खेळाडूच्या जर्सीच्या पाठीत खालच्या काठाला इलॅस्टिक शिवलं होतं. हार्वर्डने चेंडू मारला, जिमी जॉन्सनने तो झेलला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि घोळक्यात चेंडू डिलनच्या पाठीत सारला. मग सगळे पांगले, जो तो छातीशी काही धरल्यासारखा पळाला. हार्वर्डचे गडी चेंडू हुडकत राहिले आणि डिलन दोन्ही हात मोकळे हलवत टचडाउनला पोचला. सामना हार्वर्डनेच १२–११ असा जिंकला, पण आजोबांच्या घरात तो निकाल कोणी फारसा सांगत नसे. १९०७ साली मात्र निकालही सांगण्याजोगे झाले. नव्याने मुभा मिळालेले लांब पास फेकत कार्लाइलने फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६–६ असं हरवलं आणि त्याच हंगामात हार्वर्डलाही पहिल्यांदा पाणी पाजलं, २३–१५.

त्या वर्षी संघात एक नवखा मुलगा होता. जिम थॉर्प. ओक्लाहोमातला, सॅक अँड फॉक्स जमातीचा, १८८७ चा जन्म. त्याला जुळा भाऊ होता, तो लहानपणीच गेला; पाठोपाठ आईवडीलही गेले. तो कामाच्या कपड्यांतच मैदानावरून चालला होता, उंच उडीवाल्यांना दांडी ओलांडता येत नव्हती ती याने सहज ओलांडली, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्नरने त्याला बोलावून घेतलं, असं सगळे सांगतात. पुढे १९०९ आणि १९१० असे दोन उन्हाळे तो नॉर्थ कॅरोलायनात थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला. कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात असं खेळत, फक्त ती खोटी नावं लावत. थॉर्पने आपलं खरं नाव लावलं.

१९११ साली तो परतला. ११ नोव्हेंबरला हार्वर्डशी सामना होता. थॉर्पचा पाय दुखावलेला, वर पट्ट्या गुंडाळलेल्या. तशाही पायाने त्याने चार फील्ड गोल मारले आणि कार्लाइल १८–१५ ने जिंकलं. पुढच्याच आठवड्यात सिरॅक्यूजकडून एका गुणाने हरले. त्या हंगामातली ती एकच हार.

१९१२ चा उन्हाळा तर गावाने कधी पाहिला नव्हता असा आला. स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये थॉर्पने पेंटाथलॉन आणि डेकाथलॉन या दोन्हींत सुवर्णपदक जिंकलं. त्याच शाळेच्या लुइस टेवानिमाने १०,००० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवलं. ऑगस्टमध्ये ते कार्लाइलला परतले तेव्हा गावाने मिरवणूक काढली. आजोबांच्या वडिलांनी गाडीला घोडे जुंपून सगळ्या घराला गावात नेलं होतं. "मीही होतो म्हणे, आईच्या मांडीवर," आजोबा सांगायचे, आणि एवढं एक वाक्य सांगताना त्यांना स्वतःच्या आठवणीतलं सांगितल्याचा आनंद व्हायचा.

टेवानिमा त्या शाळेत कसा आला, हे मात्र आजोबांच्या घरी कोणी सांगत नसे. तो होपी जमातीचा, ॲरिझोनाच्या पठारावरचा. सरकारच्या शाळेत मुलं पाठवायला विरोध केला म्हणून १९०७ साली सैनिकांनी काही होपी तरुणांना पकडून कार्लाइलला आणलं, त्यांत तो होता. कैदी म्हणून आलेल्या माणसाने पाच वर्षांनी त्याच देशासाठी पदक आणलं. मग तो आपल्या गावी परतला आणि तिथेच शेती आणि मेंढरं राखत म्हातारा झाला.

ऑलिंपिकची धूळ खाली बसते न बसते तोच हंगाम सुरू झाला. २१ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर, ६९ दिवसांत १४ सामने. बहुतेक परगावी, कारण शाळेच्या मैदानात बसतील त्याच्या कितीतरी पट माणसं मोठ्या शहरांत तिकीट काढत आणि त्यात कार्लाइलचा हिस्सा असे. पोरांची निम्मी शाळा आगगाडीतच होई. शनिवारी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला ३४–२० असं हरवलं आणि लगेच सोमवारी टोरांटोला कॅनडाच्या संघाशी खेळले, ४९–१. थॉर्प कर्णधार. डाव चालवणारा क्वार्टरबॅक गस वेल्च हा विस्कॉन्सिनचा ओजिब्वे. जो गायन मिनेसोटाचा ओजिब्वे. पीट कॅलॅक कॅलिफोर्नियाचा लुइसेन्यो. पॉवेल चेरोकी, गार्लो टस्करोरा. एकमेकांच्या भाषा न कळणाऱ्या जमातींची ही मुलं, एकमेकांचे पाय मात्र त्यांना अचूक कळत होते.

वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजाशी ०–० अशी बरोबरी झाली. थॉर्पच्या किका त्या दिवशी लागल्या नाहीत. मग सिरॅक्यूज ३३–०. मागच्या वर्षीच्या एका गुणाचा हिशोब असा चुकता झाला. पिट्सबर्ग ४५–८. लीहाय ३४–१४.

आणि ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. अमेरिकी सैन्याचे अधिकारी घडवणारी अकादमी. हा सामना आजोबा कधीच बसून सांगत नसत. वुंडेड नी इथे सैन्याने लाकोटांची कत्तल केली त्याला तेव्हा पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती. वॉर्नरने सामन्याआधी पोरांना एवढंच बजावलं म्हणतात, की समोरच्यांच्या बापजाद्यांनी तुमच्या बापजाद्यांशी लढाया केल्या आहेत, ते आठवा. अकादमीच्या संघाने, म्हणजे आर्मीने, पहिला टचडाउन केला. तिथून पुढे त्यांच्या हाती काही लागलं नाही. वॉर्नरने त्या हंगामासाठी नवी मांडणी बसवली होती, दोन्ही कडांना एकेक गडी सरकवलेला. चेंडू कोण नेणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू नये म्हणून. आर्मीचा धिप्पाड कर्णधार डेव्होर गायनशी झुंजताना इतका चिडला, की त्याच्या अंगावर धावून गेल्याबद्दल पंचांनी त्याला बाहेर काढलं. थॉर्पला पाडायला धावणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो. आपण पाहिलेल्या खेळाडूंत थॉर्पसारखा नव्हता, हे तो म्हातारपणीही सांगत राहिला. निकाल २७–६.

या सामन्यातली एक धाव आजोबा हातवारे करून सांगायचे. थॉर्प ९२ यार्ड पळत गेला, पंचांनी टचडाउन रद्द केला. मग आर्मीने पुन्हा चेंडू मारला आणि थॉर्प ९७ यार्ड पळून पुन्हा टचडाउनला पोचला. ही गोष्ट अमेरिकाभर अशीच सांगतात. मी पुढे गावच्या वाचनालयात काम करू लागले तेव्हा जुने पेपर चाळले. त्या दिवशीचे चार टचडाउन असे आहेत: तीन अलेक्स अर्कासाचे, एक जो बर्गीचा. थॉर्पची एक सुंदर धाव रद्द झाल्याची नोंद आहे, पण ती ९२ यार्डांची नाही. आजोबांना मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भावाने मला सांगितली तेव्हा ती एवढीच लांब होती." मला त्यात खोटेपणा दिसला नाही. रद्द झालेली धाव लोकांच्या मनाला सोसवली नाही, म्हणून सांगणाऱ्यांनी ती दर हिवाळ्यात थोडी थोडी लांबवली आणि शेवटी तिला मान्यताही देऊन टाकली. फक्त त्या नादात अर्कासाचे तीन टचडाउन मागे पडले, ते मात्र मला खटकतं. तो दिवस त्याचाही होता.

पुढच्याच शनिवारी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियाने त्यांना ३४–२६ असं हरवलं. दमली होती पोरं. मग स्प्रिंगफील्डला ३०–२४, आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउनला ३२–०. बारा विजय, एक हार, एक बरोबरी. ५०४ गुण केले, ११४ दिले.

इथवरची गोष्ट शेजारच्या आजोबांची. त्यांच्या घरात आणखी एक आठवण होती, ती ते क्वचित सांगत. शाळेची मुलं उन्हाळ्यात आसपासच्या शेतकऱ्यांकडे कामाला ठेवत. शाळा त्याला 'आउटिंग' म्हणे. गोऱ्या कुटुंबात राहून मुलं गोऱ्यांसारखी होतील आणि हातखर्चापुरतं कमावतीलही, असा हेतू. आजोबांच्या वडिलांकडेही एक मुलगा दोन उन्हाळे होता. गवत कापायला पहाटे सर्वांच्या आधी उठायचा, घोड्यांवर त्याचा फार जीव. आजोबांची आई त्याला जेवायला आपल्याच मेजावर बसवायची. "तो घरच्यांबद्दल कधीच बोलला नाही, असं आई म्हणायची," आजोबा सांगत. "आणि आम्हीही कधी विचारलं नाही." हे सांगून ते पुन्हा आकड्यांकडे वळत.

न विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका आजींकडून मिळालं. विस्कॉन्सिनहून आलेल्या ओजिब्वे आजी, नातवंडांना घेऊन. वाचनालयात त्यांनी १९१२ चे पेपर मागितले. त्यांचे आजोबा त्या काळी शाळेत होते, मुख्य संघात नव्हे. शाळेतल्या कारखान्यांचे आपापसात सामने होत, सुतारांचा संघ, शिंप्यांचा संघ, त्यांतल्या एकात खेळायचे. मी पेपर काढून दिले. त्यांनी आर्मीच्या सामन्याची बातमी नातवाकडून मोठ्याने वाचून घेतली, मान डोलावली आणि विचारलं, स्मशान कुठे आहे. मी त्यांच्यासोबत गेले.

जुन्या छावणीच्या कडेला, रस्त्यालगत, पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. सैनिकांच्या थडग्यांवर असतात तसेच सारखे दगड, पण खाली मुलं आहेत. क्षय, न्यूमोनिया अशा आजारांनी गेलेली. १८० च्या वर थडगी. १९२७ साली ती मूळ जागेवरून हलवली तेव्हा काहींची ओळख पुसली. त्या दगडांवर 'अज्ञात' एवढंच कोरलं आहे. आजी एकेक दगड वाचत चालल्या आणि चालता चालता बोलत राहिल्या. त्यांच्या गोष्टीत आकडे नव्हते. शाळेत आल्या दिवशी केस कापले, तेव्हा मुलं रात्रभर रडली, कारण त्यांच्याकडे केस कापतात ते घरात मयत झालं की. नावं बदलली, पहिल्या तुकडीतल्या मुलांना फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजी नावांपैकी एकावर काठी ठेवायला सांगितलं होतं, वाचता तर कोणालाच येत नव्हतं. स्वतःच्या भाषेत बोललं तर शिक्षा. फुटबॉलच्या संघाला वेगळं मेज, मांस, दूध. बाकीच्यांना बऱ्याचदा पाव आणि पातळ रस्सा. मुलातला मूलनिवासी मारला तरच त्यातला माणूस वाचेल, असं प्रॅट उघडपणे भाषणात सांगायचा. तो क्रूर माणूस नव्हता. आपण भलं करतो आहोत अशी त्याची मनोमन खात्री होती. म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं.

"मग तुमचे आजोबा फुटबॉलबद्दल काय सांगायचे?" मी विचारलं.

आजी थांबल्या. "मोठा सामना जिंकला की मुलं रात्रीच्या सदऱ्यांत गावभर मिरवायची, तेव्हा कोणी अडवायचं नाही. त्या गोंगाटात आपल्या भाषेत ओरडता यायचं. ते म्हणायचे, त्या शाळेत आमच्या मालकीचं काही नव्हतं. कपडे सरकारचे, नाव सरकारचं, वेळ सरकारचा. मैदानावरची साठ मिनिटं तेवढी आमची."

मला तिथे माझे कोल्हापूरचे आजोबा आठवले. तेही शाळेसाठी घर सोडून बोर्डिंगात राहिले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यांतल्या एकात खेड्यातून आलेला हा मुलगा शिकला. सुट्टीत घरी गेला की आईशी त्याच बोलीत बोलायचा, बापाचंच नाव लावायचा, बोर्डिंगात शिकलेलं इंग्रजी गावच्या पोरांना शिकवायचा. शिकण्यासाठी त्याला काही टाकून द्यावं लागलं नाही. घरापासून दूर ठेवून मुलाला शिकवता येतं आणि त्याचं घरही शाबूत ठेवता येतं, हे त्याच काळात, माझ्याच गावात सिद्ध झालेलं होतं. म्हणून 'तेव्हाचा काळच तसा होता' हे मी कार्लाइलच्या बाबतीत कोणाकडून ऐकून घेत नाही.

मुलांनाही ते मान्य नव्हतं. आर्मीला हरवणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक गस वेल्च याने पुढे पुढाकार घेतला आणि विद्यार्थ्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला: आमच्या शाळेची चौकशी करा. १९१४ साली संसदेची समिती कार्लाइलला आली. जेवणाबद्दल, मारहाणीबद्दल, फुटबॉलच्या तिकिटांतून जमलेल्या निधीच्या खर्चाबद्दल आणि वॉर्नरच्या वागण्याबद्दल मुलांनी साक्षी दिल्या. मुख्याधिकाऱ्याला जावं लागलं, वॉर्नरही शाळा सोडून पिट्सबर्गला गेला. ज्या मुलांना मान खाली घालून मार खायला शिकवलं होतं त्यांनी सरकारी समितीसमोर मान वर करून सांगितलं. आर्मीवरच्या विजयाइतकाच हाही विजय त्या संघाचा आहे, पण तो गावातल्या गोष्टींत येत नाही.

थॉर्पची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्राने त्याच्या बेसबॉलची बातमी छापली. पैसे घेऊन खेळलेला माणूस हौशी खेळाडू नव्हे, या नियमाने त्याची दोन्ही पदकं काढून घेतली. हरकतीची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, तरीही. तो १९५३ साली वारला. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाने त्याचं नाव घेतलं आणि त्याला तिथे पुरलं. मुलांना वडील आपल्या भूमीत, ओक्लाहोमात हवे होते, ते कोर्टात गेले आणि हरले. पदकांच्या प्रतिकृती घरच्यांना मिळाल्या त्या १९८२ च्या निर्णयानंतर, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं २०२२ साली. एकशे दहा वर्षं.

शाळा १९१८ मध्ये बंद झाली. तिथे आधी लष्करी रुग्णालय आलं आणि आता अमेरिकी लष्कराचं युद्ध महाविद्यालय आहे. ज्या देशाच्या सैन्याला या पोरांनी हरवलं, त्या देशाचं नागरिकत्व सगळ्या मूलनिवासींना कायद्याने मिळालं ते १९२४ साली. २०१७ पासून जमाती आपल्या मुलांना त्या स्मशानातून घरी नेऊ लागल्या आहेत. मधूनमधून काही कबरी उघडतात, आईबापांच्या वंशातली माणसं येतात, आपल्या भाषेत गातात आणि मुलाला घेऊन जातात. २०२४ च्या डिसेंबरात सरकारने त्या जागेला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं.

शेजारचे आजोबा हे बघायला राहिले नाहीत. त्यांच्या आकड्यांवर माझं आजही प्रेम आहे, कारण त्यांनी आणि त्यांच्या भावाने ते मनापासून जपले होते. पण नुसते आकडे सांगितले की शाळा मोठी होते. बघा, शाळेने काय पोरं घडवली, असं ऐकणाऱ्याला वाटतं. आणि नुसत्या कबरी सांगितल्या की पोरं लहान होतात, त्यांच्या वाट्याला फक्त सोसणं उरतं. आजींनी मला दोन्ही एका दमात सांगितलं, पेपरही वाचून घेतला आणि दगडही वाचले. आता माझ्या नातवंडांना ही गोष्ट मी तशीच सांगते. आधी खेळाडूंची नावं, प्रत्येकाची जमात, प्रत्येकाचा मुलूख. मग अर्कासाचे तीन टचडाउन आणि बर्गीचा एक. मग वेल्चचा अर्ज. मग स्मशान, आणि तिथून घरी गेलेली मुलं. नातवंडं विचारतात, मग ती शाळा चांगली होती की वाईट. मी सांगते, शाळेने त्यांचं घर घेतलं, भाषा घेतली, नाव घेतलं. ते ५०४ गुण शाळेने दिलेले नाहीत, ते पोरांनी कमावलेले आहेत, आणि ते सांगताना पोरांचंच नाव घ्यायचं.